नळ-टाकीचे गणित आणि पंचगंगेचा पूर

जुलै उजाडला आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळू लागला, की कोल्हापुरात चहाच्या टपरीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत एकच प्रश्न विचारला जातो, ‘राजाराम किती?’ कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी हे त्याचे उत्तर. ते फूट-इंचांत येते. त्यापाठोपाठ मोबाइलवर आणखी आकडे येऊन पडतात. राधानगरीचा विसर्ग क्युसेकमध्ये, धरणातला साठा टीएमसीमध्ये, गगनबावड्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि अलमट्टीची पातळी मीटरमध्ये.

पूर एकच, मापे पाच. ती एकमेकांशी जोडता आली नाहीत तर आकड्यांची नुसती भीती वाटते, किंवा त्याहून वाईट म्हणजे ते आकडे रोजचेच वाटू लागतात. ‘गेल्या वेळी एवढे आले होते, तरी आमच्या दारात पाणी नव्हते,’ या भरवशावर थांबलेल्या घरांना २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये अंधारात बोटीतून बाहेर पडावे लागले. दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही पाठ असते. पण ३९ पासून ४३ पर्यंत जायला पाण्याला किती तास लागतील, हा हिशेब फार थोड्या घरांत होतो. त्याला लागणारे गणित सातवी-आठवीपलीकडचे नाही.

क्युसेक हा वेग, टीएमसी हा साठा

पहिला गोंधळ क्युसेक आणि टीएमसी यांचा. दोन्ही शब्द बातमीत शेजारी-शेजारी येतात, पण ते वेगळ्या जातीचे आहेत. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष, म्हणजेच १०० कोटी घनफूट पाणी. हे साठ्याचे माप आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. हे वाहण्याच्या वेगाचे माप आहे. मोटारीच्या भाषेत सांगायचे तर टीएमसी हे किलोमीटर आणि क्युसेक हा ताशी वेग. ‘ताशी ६०’ म्हटल्यावर गाडी किती लांब गेली हे कळत नाही. त्यासाठी ती किती वेळ धावली हे विचारावे लागते. ‘१० हजार क्युसेक सोडले’ या वाक्याचेही तसेच आहे. किती वेळ सोडले, हा प्रश्न त्यात उरतोच.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. घरावरची हजार लिटरची टाकी त्या धारेने ३५ सेकंदांत भरेल. तासाभरात एक लाख लिटरहून थोडे अधिक पाणी जाईल, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. ऊस उत्पादक शेतकऱ्यासाठी याहून सोपी खूण आहे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर एक इंच पाणी उभे करायला ३,६३० घनफूट पाणी लागते आणि एक क्युसेकची धार तासाला ३,६०० घनफूट देते. म्हणजे एक क्युसेक म्हणजे एका एकरात तासाला जवळजवळ एक इंच पाणी. बारा तासांत तेच पाणी फूटभर चढेल.

आता राधानगरीकडे वळू. भोगावतीवरचे हे धरण राजर्षी शाहू महाराजांच्या काळात सुरू झाले. साठवण क्षमता ८.३६ टीएमसी. धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने एकेक करून आपोआप उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. ‘पाच दरवाजे उघडले’ ही बातमी आली की ५ गुणिले १,४२८, म्हणजे ७,१४०. त्यात वीजगृहातून सुटणारे सुमारे १,४०० मिळवले की बातमीत दिसणारा ८,५४० हा आकडा तयार होतो. सातही दरवाजे उघडले तर ९,९९६ अधिक १,४००, म्हणजे ११,३९६ क्युसेक.

दिवसाचे सेकंद ८६,४००. त्याने गुणले तर २४ तासांत ९८ कोटी ४६ लाख घनफूट पाणी जाते, म्हणजे जवळजवळ एक टीएमसी. एवढेच लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे. सुमारे साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर वाहिले की एक टीएमसी होतो.

एक टीएमसी म्हणजे तरी केवढे? लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. माणशी रोज १३५ लिटर धरले तर एक टीएमसी पाणी या शहराला वर्षभर पुरून उरेल. राधानगरीचे सातही दरवाजे उघडतात तेव्हा शहराचे वर्षाचे पाणी एका दिवसात नदीत येते. आणि ही पंचगंगेची एकच शाखा झाली. कासारी, कुंभी आणि तुळशीचे पाणी वेगळेच.

एक नळ भरतो, दुसरा रिकामा करतो

शाळेत सगळ्यांना छळणारे एक उदाहरण असते. एका नळाने टाकी अमुक तासांत भरते, दुसऱ्याने तमुक तासांत रिकामी होते, दोन्ही एकदम सोडले तर काय? पावसाळ्यातले प्रत्येक धरण म्हणजे हेच उदाहरण.

समजा, राधानगरी ९० टक्के भरले आहे. उरलेली जागा ०.८३६ टीएमसी. वरून १० हजार क्युसेकने आवक सुरू आहे, म्हणजे दिवसाला ०.८६४ टीएमसी. वीजगृहातून १,४०० क्युसेक जात आहेत. तेव्हा साठ्यात भर पडते ती ८,६०० क्युसेकची, म्हणजे दिवसाला सुमारे ०.७४ टीएमसी. ०.८३६ ला ०.७४ ने भागले की धरण भरायला साधारण २७ तास लागतील असे कळते. ‘धरण ९० टक्के भरले’ हे वाक्य ऐकायला निवांत वाटते. हिशेब मात्र सांगतो की उद्या याच सुमाराला पहिला दरवाजा उघडू शकतो.

अलमट्टीवरून दरवर्षी होणाऱ्या वादातही हाच हिशेब कामाला येतो. कर्नाटकातल्या या धरणाची क्षमता १२३ टीएमसी आणि पूर्ण पातळी ५१९.६० मीटर. तिथून ५ लाख क्युसेक पाणी सुटत असेल तर दिवसाला ४३ टीएमसीहून अधिक पाणी बाहेर पडते, म्हणजे तीन दिवसांच्या आत अख्ख्या अलमट्टीएवढे. पण आत किती येत आहे हे शेजारी लिहिले नसेल तर त्या ५ लाखांवरून पातळी चढते आहे की उतरते आहे, हे कोणालाच सांगता येणार नाही. आवक वजा विसर्ग, हा फरक खरा बोलका. नुसता विसर्ग सांगणारा संदेश म्हणजे अर्धे उदाहरण.

४२.९ मोठे की ४२.११?

दुसरा सापळा फूट-इंचांचा. आपण सगळे दशांश पद्धतीत वाढलो. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये आला. तरी नदीची पातळी, जमिनीची मोजणी आणि माणसाची उंची आजही फुटांतच सांगितली जाते. फुटाचे इंच बारा. घाईत टाइप केलेल्या संदेशात ‘४२ फूट ९ इंच’ याचे ‘४२.९’ होते आणि तीन तासांनी ‘४२ फूट ११ इंच’ याचे ‘४२.११’.

शाळेतला दशांश लक्षात ठेवून वाचणाऱ्याला ४२.११ हा आकडा ४२.९ पेक्षा लहान दिसतो. पाणी उतरले, असे समजून तो निर्धास्त होतो. प्रत्यक्षात पाणी दोन इंच चढलेले असते आणि धोका पातळी फक्त एक इंच दूर असते. उलट, कोणी खरोखर दशांशातच ‘४२.५ फूट’ लिहिले तर त्याचा अर्थ ४२ फूट ६ इंच होतो, ५ इंच नव्हे. म्हणून संदेश पुढे पाठवताना ‘फूट’ आणि ‘इंच’ हे दोन शब्द लिहावेत. टिंबावर काम भागवू नये.

एककाचा असा घोळ कुठवर जाऊ शकतो, याचे गाजलेले उदाहरण कॅनडातले आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक विमान हवेतच इंधन संपून बंद पडले. विमानाला २२,३०० किलो इंधन हवे होते. भरताना लिटरचे किलोत रूपांतर करण्याऐवजी पौंडात रूपांतर करणारा गुणक वापरला गेला आणि टाकीत निम्म्याहूनही कमी इंधन पडले. गुणाकार बरोबर होता, एकक चुकले होते. वैमानिकाच्या कौशल्यामुळे विमान गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरले आणि सगळे वाचले.

उरलेले तास कसे मोजावेत?

पातळीचा एकटा आकडा स्थिती सांगतो. दोन आकडे आणि मधली वेळ मिळाली की वेग कळतो. समजा, सकाळी आठला राजाराम बंधाऱ्यावर ३६ फूट ४ इंच होते आणि दुपारी दोनला ३७ फूट १ इंच. सहा तासांत ९ इंच, म्हणजे तासाला दीड इंच. ३९ फुटांना अजून २३ इंच बाकी. २३ भागिले दीड, म्हणजे सव्वापंधरा तास. इशारा पातळी पहाटे पाच-सव्वापाचच्या सुमारास गाठली जाईल. ४३ फुटांना ७१ इंच बाकी, म्हणजे सुमारे ४७ तास. जनावरे हलवायला, धान्य माळ्यावर चढवायला, घरातल्या आजारी माणसाची औषधे बांधायला दोन दिवस आहेत, असा त्याचा अर्थ.

हा हिशेब वेग तसाच राहील असे धरून केलेला असतो आणि नदी तसे वचन देत नाही. म्हणून तो दर तीन तासांनी नव्याने करायचा. तासाला एक इंचाचा वेग दीडवर आणि दीडचा दोनवर जात असेल तर उरलेले तास घड्याळापेक्षा लवकर संपतात.

इथे एक फसवी गोष्ट घडते, ती नदीकाठच्या प्रत्येक घराला ठाऊक असायला हवी. पाणी काठ ओलांडून शेतात पसरू लागले की पातळी चढण्याचा वेग मंदावतो. नदीचे पात्र १०० मीटर रुंद असेल आणि पसरल्यावर पाण्याची रुंदी १,००० मीटर झाली, तर ज्या पाण्याने आधी दहा इंच वाढ झाली असती त्याच पाण्याने आता एकच इंच होईल. रुंदी दहापट, म्हणून इंच एक दशांश. वरून येणारे पाणी जराही कमी झालेले नसते. ‘रात्रीपासून इंचभरच वाढले, आता उतरणार,’ हा अंदाज अशा वेळी चुकतो. उतार सुरू झाला का, हे ठरवायला वरच्या धरणांचा विसर्ग आणि घाटमाथ्याचा पाऊस दोन्ही पाहावे लागतात.

वरचे पाणी पोहोचायलाही वेळ लागतो. नदी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल तर तासाला ३.६ किलोमीटर होतात. ५० किलोमीटर कापायला तिला जवळपास १४ तास लागतील. सकाळी सातला वर उघडलेला दरवाजा खाली रात्री नऊच्या सुमारास जाणवेल. पुराचे पाणी याहून वेगानेही येऊ शकते, त्यामुळे १४ तास हा ढोबळ अंदाजच. तरीही दुपारी नदी शांत दिसते म्हणून सकाळची बातमी खोटी ठरत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

आणखी एक. ४३ फूट हा मोजपट्टीवरचा आकडा आहे, दारातल्या पाण्याची खोली नव्हे. चिखलीच्या घराचा आकडा वेगळा, शाहूपुरीतल्या घराचा वेगळा. २०१९ आणि २०२१ मध्ये आपल्या उंबऱ्याला पाणी लागले तेव्हा राजाराम बंधाऱ्यावर किती फूट होते, हे ज्या घराने भिंतीवर लिहून ठेवले, त्याला आपली धोका पातळी सापडली. पुढच्या पावसाळ्यात भागाकार त्या आकड्याने करायचा. मात्र नव्या भरावामुळे किंवा बांधकामामुळे पाण्याची वाट बदलू शकते, म्हणून चार-सहा इंच हाताशी राखूनच हिशेब करावा.

मिलिमीटरचे टीएमसी

पावसाचा मिलिमीटर सर्वांत निरुपद्रवी दिसतो. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ९,३०० लिटर, जवळजवळ एक टँकर पाणी पडते. हाच पाऊस २८३ चौरस किलोमीटरवर पडला की एक टीएमसी होतो. त्यातले काही जमिनीत मुरते. पण जुलैच्या अखेरीस घाटातली जमीन पाणी पिऊन तट्ट झालेली असते आणि मुरण्याचे प्रमाण घटते. म्हणून जूनमधले १०० मिलिमीटर आणि जुलैअखेरचे १०० मिलिमीटर नदीच्या लेखी सारखे नसतात.

पाणी ओसरल्यावर

पुराने वेढलेल्या शहरात पिण्याच्या पाण्याचीच टंचाई होते, हे कोल्हापूरने २०१९ मध्ये अनुभवले. उपसा केंद्रे पाण्यात गेली आणि नळ कोरडे पडले. पूर ओसरल्यावर गावोगावी विहिरी स्वच्छ करण्याचे काम सुरू होते. जुलाब, कावीळ, विषमज्वर टाळण्याची ती पहिली पायरी असते आणि तिथेही गुणोत्तराशिवाय चालत नाही.

पाणी फार गढूळ नसेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर, हे प्रचलित प्रमाण आहे. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते, म्हणून अडीच ग्रॅममधून लिटरमागे सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. त्यातले काही पाण्यातल्या घाणीवर खर्च होते. तासाभरानंतर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम शिल्लक राहिले पाहिजे. आरोग्य कर्मचारी ओटी चाचणीने हेच तपासतात. उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरमधले क्लोरीन उडून जाते. ते निम्मे झाले असेल तर पावडर दुप्पट लागते. पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीचा उपसा आधी करावा लागतो आणि मात्राही जास्त लागू शकते. ती आरोग्य कर्मचाऱ्यानेच ठरवावी.

विहिरीत पाणी किती, हे काढायचे सूत्र सोपे आहे. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची उंची गुणिले ३.१४ भागिले ४. मापे मीटरमध्ये घेतली तर उत्तर घनमीटरमध्ये येते आणि त्याला हजाराने गुणले की लिटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर २८,२६० लिटर, त्याला सुमारे ७१ ग्रॅम पावडर. पण टेप फुटांची असली आणि तीच मापे, म्हणजे १० फूट व १३ फूट, सूत्रात तशीच घातली तर उत्तर १,०२० येते. ते घनफूट आहेत हे विसरून हजाराने गुणले की १० लाख लिटर होतात आणि पावडर निघते अडीच किलो. गरजेच्या पस्तीसपट. घनफुटाला २८.३ ने गुणले असते तर २८,९०० लिटर, म्हणजे बरोबर उत्तर मिळाले असते.

घरातले शेवटचे गुणोत्तर ओआरएसचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाची पुडी २०.५ ग्रॅमची असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. बाजारात २०० मिलिलिटरची छोटी पुडीही मिळते. मोठी पुडी पेल्याभर पाण्यात घातली तर द्रावण पाचपट तीव्र होते. त्यातले जादा मीठ लहान बाळाला अपायकारक ठरू शकते. अर्धी पुडी अंदाजाने टाकणेही चुकीचेच. पुडीवर लिहिलेले पाणी आधी मोजून घ्यावे, मग पुडी पूर्ण रिकामी करावी. पुडी मिळालीच नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, म्हणजे पाच मिलिलिटरचा. पोह्याचा चमचा घेतला तर सगळेच प्रमाण बिघडते.

बंधाऱ्यावरचे इंच असोत की पुडीतले ग्रॅम, आकडा ऐकला की दोन गोष्टी विचाराव्यात. हे माप कशात आहे? आणि ते कशामागे, म्हणजे सेकंदामागे, तासामागे की लिटरमागे? पावसाळ्यात घरातल्या आठवीतल्या मुलाला रोज सकाळी वहीत तीन रकाने भरायला सांगावेत. वेळ, राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि तासाला किती इंच. नळ-टाकीचे उदाहरण त्याला कशासाठी शिकवतात, हे वेगळे सांगावे लागणार नाही. आणि सामान कधी बांधायचे, हे घराला आधी कळेल.